राष्ट्रांचे ऐक्य आणि तज्ज्ञांची कामगिरी

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात जागतिक संस्थांचा धडा चालू असता एका विद्यार्थ्याने आम्हांस असा प्रश्न केला, "सर, राष्ट्राराष्ट्रांत सलोखा करणार ते राजे आणि प्रधान. मग या धड्यात तार, टपाल, कोळसा आणि पटकी यांची नावे कशाला?" तासाची घंटा होण्यास थोडाच अवकाश होता, म्हणून आम्ही काही तरी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मार्मिक होता, आणि आमचे उत्तर त्याच्या तोलाचे नव्हते ही रुखरुख मनास लागून राहिली. ते ऋण फेडावे एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रथम वाचकांनी आमच्याबरोबर ऱ्हाइन नदीच्या काठी स्ट्रासबुर्ग या शहरी यावे. इ. स. १८५२ च्या सुमारास फ्रान्स देश आणि पलीकडील बाडेनचे संस्थान यांच्या तारखात्यांनी तेथे एक समाईक कचेरी उघडली. कचेरीत एक मेज असे. मेजाच्या एका बाजूस फ्रेंच तारमास्तर बसे, दुसऱ्या बाजूस बाडेनचा. पॅरिसहून निघालेला संदेश विद्युत्‌वेगाने स्ट्रासबुर्गपर्यंत येई. तेथे फ्रेंच मास्तर तो कागदावर उतरून घेई आणि मेजावरून हात लांब करून पलीकडच्या मास्तरास देई. तो त्याचे जर्मन भाषांतर करी, आणि मग संदेश पुन्हा तारेवर चढून पुढे जाई. शेकडो मैल क्षणार्धात तोडणारी वीज त्या हातभर रुंदीच्या मेजापाशी येऊन थबकत असे! कारण उघड होते. प्रत्येक राज्याची तार निराळी, यंत्रे निराळी, दर निराळे, नाणे निराळे, आणि आपली तार परक्याच्या तारेस जोडली तर आपली गुपिते फुटतील ही भीती मात्र सर्वांची सारखी.

हे मेज नाहीसे करण्याचे काम कोणा सम्राटाने केले नाही. ते तारखात्यांतील अधिकाऱ्यांनी केले. १८६५ साली फ्रान्सच्या निमंत्रणावरून युरोपातील २० राज्यांची परिषद पॅरिस येथे भरली. करारनाम्यावर सह्या करण्यास राजांचे वकील होते, परंतु कलमे ठरविण्याची खरी खटपट तारखात्यांच्या प्रमुखांनी निराळ्या मंडळात बसून केली. मोर्सचे यंत्र सर्वांनी वापरावे, हिशेब फ्रँक या नाण्यात व्हावा, तार पाठविण्याचा हक्क सर्व माणसांस असावा, मजकूर गुप्त राखावा, अशा गोष्टी तेथे ठरल्या. १७ मे रोजी सह्या झाल्या. या मंडळींनी एक मोठे शहाणपणाचे काम केले. राज्यांनी पाळावयाची मुख्य तत्त्वे त्यांनी करारनाम्यात घातली, आणि रोजच्या कामकाजाचे बारीक नियम निराळ्या नियमावलीत ठेवले. यंत्र सुधारले की नियमावली बदलावी, त्यासाठी राजेरजवाड्यांस पुन्हा तसदी देऊ नये, ही त्यातील खुबी. पुढे १८६८ च्या व्हिएन्ना येथील बैठकीत या संघाची कायमची कचेरी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी स्थापावयाचे ठरले.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ग्रेट ब्रिटनमधील तारा त्या वेळी खासगी कंपन्यांच्या हाती होत्या, म्हणून ते राष्ट्र आरंभी या संघात नव्हते. ते १८७१ साली आले. हिंदुस्थानचे तारखाते मात्र सरकारी असल्यामुळे १८६९ पासूनच सभासद झाले. धन्याच्या आधी चाकराचे पान मांडले जावे, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

टपालाची कथाही याच वळणाची आहे. पूर्वी परदेशी पत्राचा दर ते कोणत्या वाटेने आणि कोणकोणत्या राज्यांतून जाते यावर अवलंबून असे, आणि प्रत्येक राज्य आपला वाटा मागे. जर्मन टपालखात्याचे अधिकारी हाइन्रिख फॉन श्टेफान यांनी १८६८ साली अशी कल्पना मांडली की, टपालापुरते सर्व राष्ट्रांचे मिळून एकच राज्य आहे असे समजावे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न येथे २२ राष्ट्रांनी ती मान्य केली, आणि १ जुलै १८७६ रोजी हिंदुस्थानही त्यात सामील झाला. १५ ग्रॅमच्या पत्रास २५ सेंतीम हा सर्वसाधारण दर ठरला. तिकिटाचे पैसे ज्याच्या देशात पत्र पडले त्यानेच ठेवावेत, पोहोचविणाराने काही मागू नये. का? तर बहुतेक पत्रास उत्तर जातेच, आणि जाणारी व येणारी पत्रे सरासरीने सारखी भरतात. ज्या हिशेबापायी शेकडो कारकून वह्या काळ्या करीत होते, तो हिशेब एका साध्या विचाराने उडून गेला. आमच्या मते गणिताच्या वर्गात हे उदाहरण अवश्य सांगावे.

मग प्रश्न असा उरतो की, जे मुत्सद्द्यांस साधले नाही ते या मंडळींस का साधले? आम्हांस वाटते, बर्लिनचा तारमास्तर आणि पॅरिसचा तारमास्तर यांचे दुखणे एकच असते, म्हणून. तार कोणत्या जाडीची असावी यात कोणाच्या निशाणाचा मान जात नाही. दोघांसही चुकलेला शब्द, तुटलेली तार आणि रागावलेले गिऱ्हाईक यांशीच झगडावयाचे असते. अशी माणसे एकत्र बसली की देशाभिमानाची भाषा आपोआप मागे पडते आणि कामाची भाषा पुढे येते.

परंतु एवढ्यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की, तार जुळली म्हणजे मने जुळली. पॅरिसच्या करारावर प्रशिया आणि ऑस्ट्रिया या दोघांच्याही सह्या होत्या. पुढच्याच वर्षी, १८६६ साली, ती दोन्ही राज्ये एकमेकांशी लढली. श्टेफान यांची टपालपरिषद लांबणीवर पडली तीही १८७० च्या फ्रान्स-जर्मनी युद्धामुळे. आणि १९१४ च्या उन्हाळ्यात सैन्ये जमविण्याचे हुकूम गेले ते याच तारांवरून. तज्ज्ञांनी रस्ता बांधिला. त्यावरून वऱ्हाड जावे की फौज जावी, हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर काही विचारी पुरुषांनी यावरून निराळाच धडा घेतला. रुमानियात जन्मलेले व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले विद्वान डेव्हिड मित्रानी यांनी १९४३ सालीच असे प्रतिपादन केले होते की, राष्ट्रांस एकदम एका छत्राखाली आणण्याचे स्वप्न सोडून द्यावे, आणि एकेक काम उचलून ते समाईक करीत जावे. या विचाराशी जुळणारी गोष्ट फ्रान्समध्ये जाँ मोने यांनी केली. हे गृहस्थ मूळचे कोन्याक गावच्या ब्रँडीच्या व्यापारी घराण्यातले. सोळाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली होती. (आमच्या विद्यार्थ्यांनी एवढाच भाग लक्षात ठेवू नये ही विनंती.) मोने यांचा युक्तिवाद असा की, तोफा ओतावयास कोळसा आणि पोलाद लागते, तेव्हा तार आणि टपाल समाईक करून भागणार नाही, हे दोन जिन्नसच समाईक करावेत. त्यांनी एक इंजिनियर, एक अर्थशास्त्रज्ञ आणि एक कायदेपंडित हाताशी घेऊन मसुदा तयार केला, आणि परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी तो ९ मे १९५० रोजी जाहीर केला. १८ एप्रिल १९५१ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबुर्ग या सहा राष्ट्रांनी करार केला. आजच्या युरोपीय संघाचा पाया तो हाच. मात्र याच सहा राष्ट्रांची समाईक सेना उभारण्याची योजना १९५४ साली फ्रान्सच्या लोकसभेत फेटाळली गेली. कोळशाच्या वखारीपर्यंत लोक तज्ज्ञांच्या मागून आले. बराकीच्या दाराशी येताच थांबले.

येथवर तज्ज्ञांची बाजू उजळ दिसते. परंतु ज्या प्रकरणात त्यांची खरी कसोटी लागली ते प्रकरण रोगराईचे, आणि त्याचा एक धागा थेट आमच्या मुंबईशी जाऊन भिडतो. म्हणून येथे थोडा अधिक वेळ थांबू.

एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी हिंदुस्थानातून निघून युरोपपर्यंत जाऊ लागल्या. त्यास उपाय म्हणून प्रत्येक बंदरात क्वारंटीन असे, म्हणजे आलेले गलबत व त्यावरील माणसे काही दिवस अडकवून ठेवीत. कोठे किती दिवस, याचा काही ताळमेळ नव्हता. व्यापाऱ्यांचे नुकसान होई आणि साथही थांबत नसे. तेव्हा १८५१ साली पॅरिस येथे १२ राज्यांची आरोग्यपरिषद भरली. प्रत्येक राज्याने एक मुत्सद्दी आणि एक वैद्य पाठविला, आणि दोघांसही स्वतंत्र मत दिले. कल्पना किती चांगली! परंतु वैद्यांचेच एकमत होईना. कोणी म्हणे पटकी माणसापासून माणसास लागते. कोणी म्हणे छे, ती दूषित हवेने होते, क्वारंटीन हे थोतांड आहे. सहा महिने चर्चा झाली, लांबलचक करारनामा लिहिला गेला, पण तो टिकला नाही. १८५९ च्या परिषदेस तर वैद्यांस बोलाविलेच नाही.

यातील दुःखाची गोष्ट अशी की, ज्ञान अगदीच नव्हते असे नाही. लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी पाण्यावाटे पटकी पसरते असे १८४९ सालीच लिहिले होते. फ्लॉरेन्सचे डॉ. फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ साली रोग्यांच्या आतड्यांत तिचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेही होते. परंतु परिषदेच्या मेजावर या दोघांच्या शब्दास वजन मिळाले नाही. पुढे सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला, आणि हा प्रश्न आरोग्यापेक्षा व्यापाराचाच अधिक झाला. कारण कालव्यातून जाणारी बहुतेक जहाजे इंग्रजांची, आणि गलबते अडविणे त्यांस नको होते. १८८४ साली रोबेर्ट कोख यांनी कलकत्त्यास पटकीच्या जंतूचा शोध पक्का केला. दुसऱ्या वर्षी रोम येथील परिषदेत ते स्वतः हजर असूनही एकमत झाले नाही. मतभेद अज्ञानाचा असतो तेव्हा तो पुराव्याने मिटतो. मतलबाचा असतो तेव्हा पुराव्याने मिटत नाही. अखेर पहिला टिकाऊ करार १८९२ साली व्हेनिस येथे झाला, तोही केवळ सुएझमार्गे पश्चिमेस जाणाऱ्या जहाजांपुरता. पहिल्या बैठकीपासून मोजले तर ४१ वर्षे गेली.

आणि चार वर्षांतच मुंबईत गाठीचा ताप आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हा रोग प्लेगच होय असे निदान केले. हे डॉक्टर मूळचे गोव्यातील हडफड्याचे. युरोपात एकच हलकल्लोळ उडाला. १८९७ च्या फेब्रुवारीत व्हेनिस येथे केवळ प्लेगसाठी परिषद भरली. आपल्या मालास युरोपची बंदरे बंद होतील ही धास्ती हिंदुस्थान सरकारास मोठी होती. त्याच महिन्यात येथे साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला, आणि मुंबई व कराची येथून हजच्या यात्रेस जाणे त्या वर्षी बंद करण्यात आले. पुण्यास गोऱ्या शिपायांनी घरोघर शिरून झडत्या घेतल्या. माणसे इस्पितळात, शेजारीपाजारी सेग्रिगेशन छावणीत, आणि चीजवस्तू जाळीत, असा प्रकार झाला. त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर गोळी झाडण्यात कसे झाले, हे प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. व्हेनिसच्या सभागृहात नामांकित वैद्य होते, मुत्सद्दी होते. ज्यांच्या घराचे कौल उतरविले जाणार होते, त्या मांडवीच्या वा रास्ता पेठेच्या रहिवाशांचे म्हणणे सांगणारा मात्र तेथे कोणी नव्हता.

बरे, एवढे सोसून गुण तरी आला काय? प्लेगचा जंतू येर्सिन यांनी हाँगकाँग येथे १८९४ सालीच शोधून काढला होता; परंतु तो माणसाच्या अंगात कोणत्या वाटेने शिरतो, हे व्हेनिसमध्ये जमलेल्यांस ठाऊक नव्हते. म्हणून कपडे, अंथरुणे, सामान आणि माणसे यांवरच त्यांची सारी दृष्टी होती. जून १८९८ मध्ये फ्रेंच वैद्य पोल-लुई सिमाँ यांनी कराची येथे प्रयोगाने दाखविले की, मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग पसरविते. तेव्हा त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेविला नाही. १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत कमिशनने फिरून प्रयोग केले, आणि मगच ते सर्वमान्य झाले. म्हणजे छावण्यांत माणसे कोंडली गेली, आणि उंदीर मोकळे फिरत राहिले! पुढील दोन तपांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

याच परळच्या संस्थेचे आद्य पुरुष डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी नव्या लसीची सुई प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. तज्ज्ञ आणि तज्ज्ञ यांत किती अंतर असते, हे मुलांस सांगताना आम्ही नेहमी ही गोष्ट सांगतो. एकाने दुसऱ्याच्या घरावर प्रयोग केला. एकाने आधी आपल्या दंडावर.

येथे एका गोष्टीचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. या परिषदा आपल्या चुकांतून शिकत गेल्या. १९०३ च्या पॅरिसच्या करारात जहाजांवरील उंदरांचा नायनाट करण्याची कलमे आली. १९०७ साली पॅरिस येथे आरोग्याची कायमची कचेरी स्थापण्याचा करार झाला. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने १९२५ साली सिंगापूर येथे एक कचेरी उघडली. आशियातील बंदरांतून प्लेग, पटकी व देवी यांची खबर दर आठवड्यास तारेने तिकडे जाई, आणि तेथून बिनतारी यंत्राने ती सर्वत्र प्रसृत होई. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, १८६५ साली तारमास्तरांनी जो धागा जोडला, त्यावरूनच वैद्यांनी साठ वर्षांनी रोगाचा माग काढला. ७ एप्रिल १९४८ रोजी जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली ती या जुन्या पायावर.

आणि व्हेनिसला जे साधले नाही ते या संघटनेस एका रोगाच्या बाबतीत पुरते साधले. १९५८ साली रशियाच्या प्रतिनिधीने देवीचा रोग जगातून समूळ नाहीसा करण्याची सूचना मांडली. १९६७ पासून मोहीम जोरात सुरू झाली. तिचा प्रमुख अमेरिकन होता, आणि लशीचा फार मोठा साठा रशियाने दिला. ज्या दोन राष्ट्रांची तोंडे एकमेकांकडे नव्हती, त्यांचे वैद्य एकाच नकाशावर टाचण्या टोचीत होते. परंतु नकाशा करून रोग जात नाही. १९७४ साली बिहारात देवीची भयंकर साथ आली, तेव्हा पुन्हा घरोघर जाण्याची पाळी आली, जशी १८९७ साली पुण्यास आली होती. या मोहिमेतही काही ठिकाणी जबरदस्ती झाली, हे नाकबूल करता येत नाही. तथापि या वेळी दारात जाणारे बहुतेक त्याच मुलखातले आरोग्यसेवक होते. लोकांची बोली बोलणारे, बाजारहाट आणि शाळांतून हिंडणारे. रोग्याची खबर देणारास बक्षीस होते. त्यांच्या हातात बंदूक नसे. देवी आलेल्या एका मुलाचे रंगीत चित्र असलेले पत्र असे. ते दाखवून घरधनिणीस एवढेच विचारीत, "असा आजारी कोणी पाहिला का?" मे १९७५ नंतर भारतात देवीचा एकही रोगी आढळला नाही.